लहान होडीवरचा वायरलेस: बसवण्यापासून मदत मागण्यापर्यंत

ऑगस्ट उजाडला की माझ्या टेबलावर वायरलेसची रांग लागते. ३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपलेली असते, नारळी पौर्णिमा तोंडावर असते, होड्यांना रंग लागलेला असतो, इंजिनाचं तेल बदललेलं असतं. मग अगदी शेवटी कुणाला तरी आठवतं की गेल्या मोसमात सेट नुसता खरखर करत होता. "जरा बघ रे, आपला आवाजच जात नाय," म्हणत सेट उपटून, फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवतात. मी तो माझ्या बॅटरीला आणि माझ्या अँटेनाला जोडतो. बहुतेक वेळा तो ठणठणीत चालतो. बिघाड होडीवरच राहिलेला असतो, केबलच्या सांध्यात किंवा फ्यूजच्या खाचेत. आणि कधीकधी सेट चांगला, केबल चांगली, पण पलीकडे ऐकणारं कुणीच नसतं. हा शेवटचा बिघाड माझ्या दुकानात दुरुस्त होत नाही, म्हणून लेखाच्या शेवटी त्याच्यासाठी वेगळी जागा ठेवली आहे.

लिहितोय ते दोन-चार माणसं घेऊन जाणाऱ्या होड्यांसाठी. आउटबोर्ड किंवा एक-दोन सिलिंडरचं इंजिन, फार तर एवढीशी केबिन. मोठ्या ट्रॉलरवाल्यांकडे सगळं असतं, त्यांना माझी गरज नाही.

मोबाइल आहे ना, मग हे कशाला?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो चुकीचा नाही. किनाऱ्याजवळ मोबाइल चालतो, सड्यावरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उंच पठारावरच्या, टॉवरमुळे कधीकधी बराच आतपर्यंत चालतो. मात्र मोबाइलवर तुम्ही एका माणसाशी बोलता. त्यानं उचलला तर उचलला. वायरलेसवर चॅनल १६ ला तुम्ही हाक मारता तेव्हा टप्प्यात असलेला प्रत्येक सेट ती ऐकतो: शेजारची होडी, कोस्ट गार्डची गस्ती नौका, जयगडला कोळसा घेऊन चाललेलं जहाज. बुडत्या माणसाला सर्वात जवळचं कोण आहे ते माहीत नसतं. वायरलेसवर ते माहीत असावं लागत नाही.

शिवाय ओल्या, मासळीच्या खवल्यांनी भरलेल्या हातांनी टचस्क्रीन चालवून बघा एकदा.

टप्पा किती? उंचीला विचारा

समुद्रावरचा हा वायरलेस, म्हणजेच व्हीएचएफ, १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. क्षितिजाच्या खाली गेलेल्या होडीला त्या पोचत नाहीत, मग सेट कितीही वॅटचा असो. हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचं, मीटरमध्ये, वर्गमूळ काढा आणि त्याला ४ नं गुणा. आलेला आकडा म्हणजे किलोमीटर. समोरच्या अँटेनाचाही असाच काढा आणि दोन्हींची बेरीज करा.

होडीत उभं राहून हातातला सेट डोक्याशी धरलात तर पाण्यापासून उंची दोन मीटर धरा. असे दोन सेट एकमेकांशी साधारण ११ किलोमीटरपर्यंत, म्हणजे सहा सागरी मैल बोलतील. अँटेना चार मीटरवर नेलात तर दोन होड्यांमध्ये १६ किलोमीटर, नऊ मैलांच्या आसपास. आणि पलीकडचा अँटेना शंभर मीटर उंच सड्यावर असेल तर तुमच्या चार मीटरच्या अँटेनाला ४८ किलोमीटर, २५-२६ मैल मिळतात. हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात थोडं कमीच धरून चाला.

पाच वॅटचा हातसेट टाकून पंचवीस वॅटचा सेट घेतला म्हणजे पाचपट लांब आवाज जाईल, असं समजणारे पुष्कळ भेटतात. जास्त वॅटमुळे टप्प्याच्या कडेला खरखरीतून आवाज वर येतो, एवढंच. क्षितिज पुढे सरकत नाही. पैसे थोडे असतील तर ते आधी अँटेनाच्या उंचीवर आणि केबलवर घाला.

कुठला सेट घ्यावा

होडीवर कायमची १२ व्होल्टची बॅटरी असेल तर २५ वॅटचा बसवायचा सेट घ्या, आणि जोडीला एक हातसेट. बॅटरी नसेल तर निदान हातसेट तरी हवाच. हातसेट घेताना तो पाण्यात टिकणारा आहे का ते बघा. आयपीएक्स-७ लिहिलेलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालायला हवा. पाण्यात तरंगणारा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर दोरी बांधून गळ्यात अडकवा. मासेमारी करताना खिशातली वस्तू किती वेळ खिशात राहते ते मी तुम्हाला सांगायला नको.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकी-टॉकी यासाठी घेऊ नका. त्यातले बरेचसे ४४६ मेगाहर्ट्झवर चालतात. जमिनीवर, बांधकामावर, लग्नाच्या मांडवात ते ठीक. समुद्रावर त्या पट्ट्यात तुमचं कुणीही ऐकत नाही. काही सेट समुद्री पट्ट्यावर लावता येतात, पण ते पाण्यासाठी बनवलेले नसतात आणि तसे वापरणं कायद्यातही बसत नाही.

कायद्याचं निघालंच आहे तर थोडक्यात: समुद्री वायरलेसला दूरसंचार विभागाचं लायसन्स लागतं, आणि ते होडीच्या नावावर असतं. अर्जाची माहिती विक्रेत्याकडून आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून घ्या. त्याच फेरीत अनुदानाचंही विचारा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत होड्यांवरच्या संपर्क साधनांना मदत धरलेली आहे. सॅटेलाइट फोन मात्र कुणी परदेशातून आणून दिला तरी होडीवर ठेवू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगणं हा गुन्हा आहे आणि गस्ती नौकेच्या तपासणीत तो सापडला तर मदत राहिली बाजूला, चौकशीच मागे लागेल.

बसवताना: बॅटरी

सगळ्यात जास्त फसवणारा बिघाड हा: ऐकू येतं, पण बोलता येत नाही. माणूस म्हणतो माईक गेला. माईक क्वचितच जातो. २५ वॅटचा सेट नुसता ऐकत असतो तेव्हा अर्धा अँपियरसुद्धा खात नाही. बटण दाबून बोलायला लागलात की पाच-सहा अँपियर ओढतो. वायर बारीक असेल, टोकं गंजली असतील किंवा बॅटरी थकलेली असेल तर त्या क्षणी व्होल्ट खाली बसतात आणि सेट एकतर बंद पडून पुन्हा चालू होतो, नाहीतर मेल्यासारखा बोलतो.

म्हणून तपासणी बोलतानाच करायची. मल्टिमीटरची टोकं सेटच्या मागे, जिथे वायर सेटमध्ये शिरते तिथे लावा. दुसऱ्याला २५ वॅटवर बटण दाबायला सांगा. अँटेना जोडलेला असल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हे आधी बजावून ठेवा. नुसतं ऐकताना १२.६ आणि बोलताना १२ च्या आसपास राहिलं तर निश्चिंत. ११ च्या खाली गेलं तर एकेक सांधा उघडत बॅटरीपर्यंत चालत जा.

वायर थेट बॅटरीवरून आणा, दिव्याच्या किंवा पंपाच्या वायरीतून फांदी काढू नका. फ्यूज बॅटरीजवळ हवा. किती अँपियरचा ते सेटच्या पुस्तकात असतं, बहुतेक सेटांना दहाचा. फ्यूज उडाला म्हणून चांदीचा कागद गुंडाळून बसवलेला मी पाहिलाय. तो कागद उडत नाही, मग वायर उडते, आणि फायबरच्या होडीत डिझेलशेजारी वायर पेटणं म्हणजे काय ते सांगण्याची गरज नसावी.

बॅटरी होडीच्या तळात ठेवू नका. होडीत पाणी शिरलं की पहिली तीच बुडते, म्हणजे नेमकं हाक मारायच्या वेळी सेट मुका. बाकाच्या उंचीवर, पेटीत, पट्ट्यानं घट्ट बांधून ठेवा.

बसवताना: अँटेना आणि केबल

फायबर आणि लाकडी होडीला अर्ध्या लहरीचा अँटेना घ्या. चॅनल १६ ची लहर १.९ मीटरच्या आसपास असते, म्हणून हा अँटेना साधारण एक मीटरचा असतो. त्याला खाली धातूचा पत्रा लागत नाही. दुकानदार ६ डीबीचा (डीबी म्हणजे अँटेना झोत किती एकवटतो त्याचं माप) लांबलचक अँटेना पुढे करतील, तो मोठ्या, स्थिर बोटीला ठीक. लहान होडी लाटेवर डोलते आणि लांब अँटेनाचा चपटा झोत एकदा आभाळात, एकदा पाण्यात जातो. तुम्हाला ३ डीबीचाच बरा.

तो होडीवरच्या सर्वात उंच जागी, लोखंडी काठीपासून शक्यतो एक मीटर दूर लावा. जाळं खेचताना दोर कुठून फिरतो ते आधी बघा. बिजागरीवर आडवा पाडता येणारा बसवलात तर जाळ्याच्या वेळी पाडा, पण पुन्हा उभा करायला विसरू नका. बांबूला बांधायला माझी हरकत नाही. बांबू स्वस्त, हलका, आणि वायरलेसच्या लहरींच्या मध्ये येत नाही.

आता केबल, जिथे सगळे पैसे वाचवतात. पातळ आरजी-५८ केबल पंधरा मीटर वापरलीत तर सेटमधून निघालेल्या ताकदीतली जवळजवळ निम्मी वाटेतच जिरते. म्हणजे घेतला पंचवीस वॅटचा सेट आणि वर पोचले बारा. जाड आरजी-२१३ त्याच लांबीत फारच कमी खाते. लहान होडीला केबल मुळात पाच-सहा मीटरच लागते, तेवढीच कापा. उरलेली वेटोळं करून केबिनमध्ये टांगून ठेवू नका.

केबल मध्येच तुटली तर विजेच्या वायरीसारखी पिळून टेप लावायची नाही. एका मोसमात असाच एक सेट आला होता. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सांगत होता की हर्णैच्या बाहेर गेलं की कुणी ऐकत नाही. होडीवर गेलो, केबल चाचपडत गेलो, मधोमध काळ्या टेपचा फुगवटा सापडला. टेप सोडली, आतली तांब्याची जाळी हिरवट काळी, बोटानं चुरगळली तर पीठ झालं. तिथून हातभर पुढे केबल कापली आणि टोक खाली धरलं, तर पाण्याचा थेंब माझ्या मांडीवर पडला. जाळी दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढते. सांध्यातून शिरलेलं खारं पाणी दोन हात आतपर्यंत गेलं होतं. अख्खी केबल फेकून द्यावी लागली. सेटला मी हातही लावला नव्हता.

तेव्हा सांधा नकोच. दोन्ही टोकांचे कनेक्टर डाग देऊन बसवलेले हवेत, आणि वरच्या कनेक्टरवर ताणून गुंडाळायची रबरी टेप, जी एकमेकांत चिकटून एकजीव होते, ती आधी लावा. तिच्यावर साधी टेप. खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे बसतात आणि पाणी ओघळून जातं. हे शब्दांत सांगायला लागतो तेवढाच वेळ करायला लागतो.

सगळं जोडून झालं की एसडब्ल्यूआर मीटर लावून बघून घ्या. वर पाठवलेली किती ताकद परत येते ते हा मीटर दाखवतो. १.५ किंवा त्याहून कमी असेल तर छान, ३ च्या पुढे असेल तर बोलूच नका, सेट जाईल. मीटर बंदरात एकाकडे असला तरी साऱ्या होड्यांना पुरतो.

सेटमधल्या आणि माईकमधल्या लोहचुंबकानं होकायंत्राची सुई फिरते. सेट कंपासजवळ लावू नका.

कुठल्या चॅनलवर काय

१६ हा हाक मारायचा आणि संकटाचा चॅनल, १५६.८०० मेगाहर्ट्झ. सेट चालू असेल तेव्हा तो इथेच असला पाहिजे. मोठी जहाजं आणि कोस्ट गार्ड यावर कान ठेवून असतात. होड्यांनी आपसात बोलायला ७२ किंवा ७७ घ्या. बंदरातल्या सगळ्यांनी मिळून एक ठरवा म्हणजे गोंधळ होत नाही. ६ नंबर शोधकार्यात विमानांशी बोलायलाही वापरतात, तो गप्पांसाठी नको. १३ वर जहाजं एकमेकांना वाट विचारतात. ७० वर बोलायचंच नाही, तो डीएससीचा, त्याचं पुढे सांगतो. बहुतेक सेटांत दुहेरी पहारा असतो. तो लावला की ७२ वर बोलतानाही सेट मधूनमधून १६ ऐकत राहतो. सेटच्या पुस्तकात हे एक पान तरी वाचाच.

स्क्वेल्चची, म्हणजे खरखर दाबायची, घुंडी खरखर बंद होईपर्यंतच फिरवा, त्याच्या पुढे केसभरही नाही. पूर्ण फिरवलीत तर शांत वाटेल, आणि दुरून येणारी क्षीण हाकही शांतच राहील.

हाक अशी मारतात: "सागरकन्या, सागरकन्या, सागरकन्या, मी जलपरी, जलपरी. ओव्हर." उत्तर आलं की, "सागरकन्या, ७२ वर या. ओव्हर." संपलं. बांगडा कुठे लागला, डिझेलचे पैसे कुणी द्यायचे, हे सगळं ७२ वर. तिथेही सगळं बंदर ऐकतंय हे लक्षात ठेवा, बांगड्याची जागा तेवढी जपून सांगा.

बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. माईक तोंडापासून तीन बोटं लांब, थोडा तिरका धरा. ओरडू नका, ओरडलं की शब्द फाटतात. आणि माईक हुकावर नीट लटकवा. एका संध्याकाळी कुणाचं तरी बटण बाकाखाली दाबलं गेलं आणि तासभर अख्ख्या किनाऱ्यानं त्या होडीतली गाणी, शिव्या आणि मासळी तळल्याचा चरचराट ऐकला. सगळे हसले. त्या तासात त्या टप्प्यातल्या कुणालाही १६ वर मदत मागता आली नसती. जवळचा जोरदार आवाज लांबच्या आवाजाला पुरता दाबून टाकतो.

मेडे

माणसाचा किंवा होडीचा जीव आत्ता धोक्यात आहे, तेव्हाच मेडे, म्हणजे जीव वाचवण्याची हाक. होडी बुडतेय, आग लागलीय, माणूस पाण्यात पडून दिसेनासा झालाय. इंजिन बंद पडलं, पंख्यात दोर गुंतला, हवा बरी आहे, नांगर धरलाय, तर ते पॅन-पॅन, म्हणजे मदत हवी, पण जीव आत्ता धोक्यात नाही. खलाशाला जाळ्यातला समुद्रसाप चावला तर पॅन-पॅन म्हणून सुरुवात करा, त्याला श्वास जड झाला की मेडे. वाऱ्यावर वाहत आलेला ओंडका किंवा कंटेनर दिसला तर सिक्युरिटे, म्हणजे बाकीच्यांना सावधगिरीचा इशारा. तिन्ही शब्द तीन-तीनदा उच्चारायचे.

चॅनल १६, ताकद २५ वॅटवर, आणि हे बोला:

"मेडे, मेडे, मेडे. धिस इज फिशिंग बोट सागरकन्या, सागरकन्या, सागरकन्या. मेडे, सागरकन्या. पोझिशन: वन सिक्स डिग्री फाइव्ह एट मिनिट नॉर्थ, झीरो सेव्हन थ्री डिग्री झीरो फोर मिनिट ईस्ट. रत्नागिरी लाइटहाउसच्या पश्चिमेला अकरा मैल. बोट सिंकिंग, बोट डूब रही है. चार आदमी. लाइफ जॅकेट आहे. ओव्हर."

भाषेची खिचडी मुद्दाम केली आहे. कोस्ट गार्डला हिंदी आणि इंग्रजी दोन्ही कळतं, शेजारच्या होडीला मराठी कळतं, आणि जवळून जाणाऱ्या जहाजावर कदाचित यातलं फक्त इंग्रजीच कळेल. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी, ९५२ माणसं घेऊन, आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. अशा वेळी शेजारच्या बोटीला तुमची मराठी कळणार नाही आणि तुम्हाला त्यांची मल्याळम. मेडे, सिंकिंग, फायर, मॅन ओव्हरबोर्ड, पोझिशन. एवढे पाच शब्द प्रत्येक खलाशाच्या तोंडी बसले पाहिजेत, फक्त तांडेलाच्या नव्हे. पाण्यात पडणारा माणूस तांडेलही असू शकतो.

क्रमही मुद्दाम तसा आहे. नावानंतर लगेच जागा. बॅटरी त्याच क्षणी बुडाली, पुढचं काहीच सांगता आलं नाही, तरी कुठे शोधायचं ते कळलेलं असतं. आयएनडी-एमएच पासून सुरू होणारा होडीचा नंबर, रंग, किती वेळ तग धरेल, हे सगळं उत्तर मिळाल्यावर सांगा. उत्तर नाही आलं तर मिनिटभर थांबून पुन्हा, तसंच, अगदी त्याच क्रमानं. हे सगळं जाड अक्षरात लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सेटशेजारी चिकटवा. संकटात आठवण दगा देते, वाचता येतं.

दुसऱ्याचा मेडे ऐकू आला तर आधी गप्प बसा. वेळ आणि जागा लिहून घ्या. कुणी उत्तर देतंय का ते ऐका. कुणी दिलं नाही तर तुम्ही द्या, आणि मग "मेडे रिले, मेडे रिले, मेडे रिले" म्हणून, स्वतःच्या होडीचं नाव सांगून त्याचा निरोप पुढे पाठवा. वरचा टप्प्याचा हिशेब आठवा. तो किनाऱ्यापासून तीस मैलांवर असेल आणि तुम्ही बावीसवर, तर किनाऱ्याला त्याची नाही, तुमची हाक पोचते.

जागा सांगताना होणारी एक मोठी चूक

मोबाइलमध्ये जागा बघितली की बऱ्याचदा ती दशांश अंशांत दिसते, जसं १६.५०. जीपीएस आणि नकाशा मात्र अंश आणि मिनिटांत चालतात. १६.५० म्हणजे साडेसोळा अंश, म्हणजे १६ अंश ३० मिनिटं, विजयदुर्गच्या जरा खाली. घाईत माणूस ते "सोळा अंश पन्नास मिनिटं" असं वाचतो. सोळा पन्नास म्हणजे पूर्णगडच्याही वर. उत्तर-दक्षिण एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा चूक झाली वीस मैलांची, ३७ किलोमीटरची. विजयदुर्गसमोर बुडणारा माणूस पूर्णगडसमोर शोधला जाईल.

उपाय एकच. होडीवरच्या जीपीएसची आणि मोबाइलची मांडणी आज, जेटीवर उभं राहून, अंश-मिनिटांवर लावून ठेवा. आणि आकड्यांसोबत जमिनीवरची खूणही सांगा: जयगडचं दीपगृह, देवगडचं दीपगृह, वेंगुर्ल्याचे खडक. त्या खुणेपासून कुठल्या दिशेला, किती मैल. आकडा आणि खूण जुळली नाही तर ऐकणारा लगेच विचारेल. आणि माणूस पाण्यात पडला तर ओरडण्याआधी जीपीएसवरचं एमओबी (मॅन ओव्हरबोर्ड) हे जागा नोंदवणारं बटण दाबा, नाहीतर पाच मिनिटांत ती जागा हरवते.

लाल बटण

नव्या सेटांवर झाकणाखाली लाल बटण असतं, ते डीएससीचं. झाकण उघडून काही सेकंद दाबून धरलं की सेट चॅनल ७० वर तुमची ओळख आणि जागा आपोआप पाठवतो. मग १६ वर तोंडानं मेडे द्यायचाच असतो. बटण कामाचं होण्यासाठी दोन गोष्टी आधी हव्यात. एक, होडीचा एमएमएसआय, म्हणजे वायरलेसवरचा तिचा ओळख क्रमांक, नऊ आकडी, भारतात ४१९ नं सुरू होणारा, लायसन्ससोबत मिळणारा. तो मनानं टाकू नका, बऱ्याच सेटांत तो एक-दोनदाच घालता येतो. दोन, सेटला जीपीएस जोडलेला. हे न केलेलं लाल बटण शोभेचं. चुकून दाबलं गेलं तर लपवू नका, लगेच १६ वर होडीचं नाव घेऊन "चुकून दाबलं, कॅन्सल" असं सांगा.

टप्प्याच्या पलीकडे

व्हीएचएफच्या आवाक्याबाहेर जाणाऱ्यांसाठी उपग्रह आहे. इस्रोनं बनवलेलं डॅट हे यंत्र बटण दाबल्यावर संकटाचा निरोप उपग्रहावरून पाठवतं. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत निरोप पोचल्याचं उत्तरही होडीवर मिळतं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांना ट्रान्सपॉन्डर, म्हणजे होडीची जागा उपग्रहावरून कळवणारं यंत्र, बसवण्याची योजना सुरू झाली. त्यात किनाऱ्यावरून होडीला हवामानाचा इशाराही धाडता येतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी होड्या बाहेर होत्या आणि त्यांच्यापर्यंत निरोप न्यायला असं काही नव्हतं. ट्रान्सपॉन्डर मिळाला तर बसवा. जाळं कुठे टाकतो ते सरकारला कळेल, या भीतीनं तो बंद करून ठेवणारे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याशी वाद घालून मी थकलो.

पण उपग्रहाचा निरोप शेजारच्या होडीला ऐकू येत नाही. तिथे व्हीएचएफच लागतो.

ऐकणारं टोक

आता दुकानात दुरुस्त न होणारा बिघाड. होडी बाहेर गेली की दोन माणसं नेमायची, एक दर्यात आणि एक घरी.

दर्यातला म्हणजे जोडीची होडी. एकाच बाजूला जाणाऱ्या दोन-तीन होड्यांनी ठरवायचं की दर दोन तासांनी, सम तासाला, ७२ वर नावं घ्यायची. "जलपरी ठीक. ओव्हर." एवढंच. यातच सेटची तपासणीही होते, त्यासाठी १६ वर "हॅलो हॅलो टेस्टिंग" करायला नको. दोनदा उत्तर आलं नाही तर जाऊन बघायचं. बॅटरी वाचवायला सेट बंद ठेवणाऱ्यांना मी हिशेब मांडून दाखवतो: बारा तास नुसतं ऐकायला पाच-सहा अँपियर-अवर लागतात. तेवढं एक छोटं सोलर पॅनल दिवसात परत भरतं.

किनाऱ्यावर वायरलेस ठेवायचा तर त्याला होडीचं लायसन्स चालत नाही, वेगळी परवानगी लागते. तुमच्या मच्छीमार सोसायटीनं ती घेऊन सड्यावर एक अँटेना उभा केला तर उत्तमच. तोवर घरच्या माणसाकडे फोन आणि एक कागद ठेवा. कागदावर होडीचं नाव, नंबर, रंग, किती माणसं, कुठल्या बाजूला आणि किती वाव खोल पाण्यात जाणार, होडीवर कुठला वायरलेस सेट आहे, कधी परतणार, आणि शेवटी एक वेळ, ज्या वेळेपर्यंत खबर नाही आली तर फोन करायचाच. ही वेळ निघताना तुम्ही स्वतः लिहा. घरच्यांना "उगाच फोन केला तर काय म्हणतील" असं वाटत राहतं आणि रात्र उलटते. वेळ लिहिलेली असली की विचार करायला जागा उरत नाही.

फोन १५५४ ला, हा कोस्ट गार्डचा मदत क्रमांक. सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही त्या कागदावर, मोठ्या आकड्यांत. फोन लागला की कागद वाचून दाखवायचा, रडायचं नंतर, हे माझ्या आईचं वाक्य. आणि होडी उशिरा पण सुखरूप आली, म्हणजे पंख्यात दोर गुंतला होता एवढंच निघालं, तरी पुन्हा त्याच नंबरवर फोन करून सांगायचं, म्हणजे शोधायला निघालेली नौका रात्रभर त्याच पाण्यात फिरत राहत नाही.